दुसऱ्याच्या बिल्ल्यावरची टिनेके

आल्मेरे या डच शहरात आमच्या घरापासून सायकलीच्या वाटेने थोडं पुढे गेलं की भाड्याने मिळणारे भाजीचे वाफे आहेत. तिथे माझ्या डाव्या हाताला टिनेकेचा वाफा होता आणि उजव्या हाताला त्रेचाळीस नंबरचा. त्रेचाळीस नंबर म्हणजे एक ताडमाड उंच, निवृत्त डच पोस्टमन. त्याला आईबापांनी ठेवलेलं व्यवस्थित नाव होतं, मला ते माहीतही होतं. पण टिनेकेच्या लेखी तो त्रेचाळीस नंबर, म्हणजे गोड-आंबट रश्शातलं डुकराचं मटण, भात जास्त. बिचारा तिच्या खाणावळीत जन्मात कधी गेला नव्हता. तिचं म्हणणं, चेहऱ्यावरून कळतं.

टिनेके चिनी. दक्षिणेला मास्ट्रिख्टच्या जवळ एका लहानशा गावात तिने आणि तिच्या नवऱ्याने अर्धं आयुष्य खाणावळ चालवली आणि म्हातारपणी मुलाजवळ राहायला म्हणून ती दोघं आल्मेरेला आली. डच लोक असल्या खाणावळीला नुसतं 'शिनेस', म्हणजे चिनी, म्हणतात. तिथे प्रत्येक पदार्थाला नंबर असतो. गिऱ्हाईक पदार्थाचं नाव उच्चारायच्या फंदात पडत नाही, "दोनदा अडतीस, एकदा बारा" म्हणतं आणि खिडकीपाशी जाऊन उभं राहतं. टिनेके म्हणायची, "त्यांनी आमच्या जेवणाला आकडे दिले, आम्ही त्यांना दिले. झाली फिटंफाट."

मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच कच्ची. मिस्टर गेल्यावर मुलाने नागपूरहून उचलून इथे आणलं होतं आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं हा माझा समज विमानातल्या सामानाबरोबर सुखरूप पोचला होता. नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. अमुकच माणूस फोनवर हवा असा ट्रंक कॉल आला की पलीकडच्याला पूर्ण नाव विचारून खात्री करून घ्यायची, आणि मगच कॉल जोडायचा. दुसऱ्याची नावं खोदून काढायची माझी खोड सरकारी पगारावर पोसलेली आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला नाव विचारलं. ती म्हणाली, टिनेके. मी म्हटलं, हे नाही, खरं.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "टिनेके. हाक मारून बघ, येते की नाही."

मी हाक मारली. ती हातभर अंतरावर उभी होती, तेवढं अंतर चालून आली. "मग?" म्हणाली.

माझं नाव मात्र तिने विचारलंच नाही. जन्मसाल विचारलं. बोटांवर काहीतरी मोजलं आणि सांगितलं की मी वाघ, ती ड्रॅगन, म्हणजे मी दोन वर्षांनी मोठी. त्या दिवसापासून मी तिची 'जेजे' झाले. जेजे म्हणजे त्यांच्या भाषेत थोरली बहीण. आमचं सगळं बोलणं तिच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या डचमध्ये चाले; दोघींच्या चुका वेगवेगळ्या असल्यामुळे अर्थ नीट लागायचा.

दिसायला ती एवढीशी. केस स्वतःच स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापायची, ते तसेच दिसायचे. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायची आणि स्वतः उकिडवी बसायची. धन्यवाद, माफ करा हे शब्द तिच्याकडे नव्हतेच. काही देणं लागलं असं वाटलं की ती गुपचूप तुमच्या सायकलीच्या टोपलीत कारलं टाकून जायची. तिच्या वाफ्यात लाल भोपळ्याचे वेल रान माजल्यासारखे पसरलेले, पण भोपळा म्हणाल तर एक नाही. ती कोवळे शेंडेच खुडून न्यायची. त्रेचाळीस नंबरला वाटायचं, बाईला जमत नाही. तो दर शरदात आपला एक भोपळा दयाबुद्धीने तिच्या फाटकावर ठेवून जायचा आणि ती तो माझ्या टोपलीत टाकायची.

नावाचा किस्सा तिने मला दुसऱ्या उन्हाळ्यात सांगितला, आणि तोही हसत. हाँगकाँगहून लग्न होऊन ती इथे आली आणि नवऱ्याच्या चुलतभावाच्या खाणावळीत वाढपी म्हणून उभी राहिली. तिच्या आधी तिथे टिनेके नावाची डच मुलगी होती. ती गावातल्या बेकरीवाल्याशी लग्न करून गेली आणि तिचा छातीवर लावायचा बिल्ला गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर राहिला. मालक म्हणाला, हा आहे की, लाव. तिने लावला. पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी टिनेके म्हणून बिअर मागितली, तिने नेऊन दिली आणि काम झालं.

पुढे एकदा ती मूळची टिनेके नवऱ्याला आणि पोरांना घेऊन जेवायला आली. समोर आपला बिल्ला लावलेली चिनी मुलगी. मग ती डच टिनेके इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जाताना म्हणाली, वरच्या बाजूला टाचणी सैल आहे, सांभाळ. त्यानंतर दर वर्षी आपल्या वाढदिवसाला ती बेकरीतला केक घेऊन यायची आणि केकवर लिहिलेलं नाव दोघींना चालायचं.

मला हा किस्सा भारी आवडला, कारण तो मला समजलाय असं मला वाटलं. इथे थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. माझा जन्म ज्या वस्तीतला, तिथे पोरींची नावं कचरी, दगडी, धोंडी. कधी दृष्ट लागू नये म्हणून, आणि पुष्कळदा चांगली नावं ठेवली तर गावातल्या मोठ्या लोकांना खपायची नाहीत म्हणून. मी धोंडी होते. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, तशी जुन्या देवांबरोबर वडिलांनी ती नावंही घराबाहेर काढली आणि शाळेत मला सुजाता म्हणून घातलं. काय तो माझा तोरा. सहा वर्षांची शेंबडी पोर, पण धोंडी म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी चावले आहे. आजीच्या जिभेवर काही नवं नाव बसेना. ती "धोंडे, जेवायला ये" म्हणून हाक मारायची आणि मी तत्त्वासाठी पानावर जायची नाही. भाकरीचा वास आला की मात्र तत्त्व जरा सरकून बसायचं.

तर हे सगळं मी टिनेकेला बाकावर बसवून सांगितलं. वर भाषण दिलं की तूही योग्य केलंस, माणसाने दुसऱ्यांनी चिकटवलेलं नाव फेकून द्यावं आणि स्वतः निवडलेलं मिरवावं, अभिनंदन. तिला खिळ्यावरचा बिल्ला मिळाला होता, निवडायला कोणी सांगितलंच नव्हतं, हे माझ्या त्या दिव्य डोक्यात आलं नाही. ती भाषणभर गवत उपटत राहिली. घरी येऊन पाहिलं तर टोपलीत दोन कारली. नेहमी एक असायचं.

त्याच सुमारास माझा मुलगा सिद्धार्थ, झुइडास या कचेऱ्यांच्या भागात काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरचं काम करतो, ऑफिसात 'सिड' झाल्याचं मला कळलं. ज्या नावासाठी मी माणसांना चावले, त्याच रांगेतलं नाव पोराने अर्ध्यात मोडलं. मी घर डोक्यावर घेतलं. तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये सोपं जातं. आमच्याकडचे चिनी बघ, एक केविन, एक जेसन, एक व्हिव्हियन. खरं नाव कोणी सांगतच नाही."

मी तणतणत वाफ्यावर गेले. टिनेकेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जाऊ दे, तो ते नाव घरात थोडंच घालून येतो. तुम्ही लोक जोडे दाराबाहेर काढता ना? तसंच. बाहेर चिखल असतो. खरं नाव बाहेर नेलं तर त्याला चिखल लागतो. लोक ते वाकवतात, मोडतात, आणि वर विचारतात, बरोबर म्हटलं ना? त्यापेक्षा त्यांच्याच चिखलातलं एक नाव पायात सरकवायचं.

मग म्हणाली की त्यांच्यात कोणीही उठून कोणाचं नाव घेत नाही. धाकट्याने थोरल्याचं तर नाहीच. नाव घ्यायचा हक्क असावा लागतो, आईचा, बापाचा, थोरल्या भावंडांचा. "तो हक्क मी अडतीस नंबरला कसा देऊ?"

हे मला पटलं. मिस्टरांचं नाव मी तरी कुठे घेत होते. पण तिचं दाराआडचं नाव काय, हे काही तिने सांगितलं नाही, आणि तिच्या तोंडाकडे पाहून माझी खोडही गप्प बसली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिचा नवरा गेला. अबोल, खांद्यात वाकलेला स्वयंपाकी होता. ज्या गावात खाणावळ होती तिथेच आपल्याला पुरावं अशी त्याची इच्छा होती, तसं केलं. काही महिन्यांनी थडग्यावर दगड बसला. तो पाहायला तिचा मुलगा मार्क आम्हा दोघींना गाडीतून घेऊन गेला. मार्क दातांचा डॉक्टर, आल्मेरेत त्याचा दवाखाना आहे. आईवर जीव टाकणारा मुलगा. मला तो डच पद्धतीने 'तांते' म्हणजे मावशी म्हणायचा आणि मी हसले की माझ्या दातांकडे बघायचा.

काळा गुळगुळीत दगड, दोघांचा मिळून एक. डावीकडे नवऱ्याचं नाव चिनी अक्षरांत, सोनेरी. उजवीकडे रोमन अक्षरांत टिनेके, लालभडक. मी दचकले. मार्कने मला हळूच सांगितलं की ही त्यांची रीत आहे, नवराबायकोचा दगड एकदमच करतात, जो जिवंत आहे त्याचं नाव लाल ठेवतात आणि तो गेला की त्यावर सोनेरी चढवतात. सिद्धार्थने माझ्यासाठी असलं काही केलं असतं तर मी त्याच दगडाने त्याला हाणला असता. पण टिनेकेला लाल रंगाचं काही नव्हतं. ती दगडापाशी उकिडवी बसली, त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मार्क, तुझ्या बापाशेजारी ही कोण बाई झोपणार आहे?"

"मम्मी, तूच."

"टिनेके बेकरीवाल्याची बायको आहे. तिला तिचा नवरा आहे."

परतीच्या वाटेवर कॉफी प्यायला थांबलो तेव्हा ती हात धुवायला गेली आणि मार्कने मला सगळं सांगितलं. आईच्या कागदपत्रांवरचं नाव त्याला ठाऊक होतं, लॉयदाय. अर्थ ठाऊक नव्हता, कारण चिनी लिपी तो शिकलाच नाही. दगड घडवायला देताना त्याने अर्थ शोधला. लॉयदाय म्हणजे 'ये, धाकट्या भावा'. मुलगी झाली, आता तरी पाठीवर मुलगा येऊ दे, म्हणून पोरीलाच ते नाव ठेवून द्यायचं. पोरीला हाक मारायची आणि बोलवायचं मुलाला.

"तू नको होतीस, असं आईच्या डोक्याशी कोरून ठेवू, तांते? माझ्या दोन मुली आहेत. त्या मोठ्या होऊन वाचतील."

त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी टेबलावर थाप मारली. म्हटलं, शाबास, असली नावं जाळली पाहिजेत, आमच्या लोकांनी तेच केलं. टिनेके परत आली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना शाबासकी देत होतो. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि आल्मेरे येईपर्यंत ती डोळे मिटून बसली. झोपली नव्हती, हे मला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. भोपळ्याच्या शेंड्यांचा ढीग तिच्यापुढे होता. प्रत्येक देठाची साल सोलावी लागते, मोडून खाली ओढली की दोऱ्यासारखी निघते. मीही सोलायला बसले. मी तिची समजूत घालायला आले होते आणि कुठून सुरुवात करावी याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात तीच, देठावरून नजर न काढता, म्हणाली की भाऊ आला होता.

मला आधी कळलंच नाही.

आला होता, म्हणाली. नाव ठेवल्यावर तीन वर्षांनी आला. आईला शेतात जायचं असायचं, थोरल्या बहिणीला स्वयंपाक. तो वाढला तो हिच्या पाठीवर, आणि चालायला लागल्यावर हिच्या मागे. मग भुकेची सालं आली. तिच्या गावात झाडांच्या साली संपल्या, त्या साली. ही बांधाबांधाने पाला शोधत जायची, भोपळ्याचे शेंडे मिळाले तर तो सण. तो मागून यायचा, तिचा हात धरायला धावायचा, पण पाय चालायचे नाहीत. एक दिवस तिने मागे पाहिलं तर तो वाटेवर बसला होता. तिने घरी आणला. दोन दिवस होता.

मी नाव विचारलं. बघा, खोड जात नाही.

"नाव नव्हतं. धाकटा म्हणायचे. नाव शाळेत घालताना ठेवतात. तेवढा झाला नाही."

इतक्या लहान मुलाचं त्या काळी त्यांच्याकडे थडगंही करत नसत. फोटो काढायला कोणाकडे काय होतं. त्यानंतर आईने हिला नावाने हाक मारणं सोडलं, कारण तोंडून ते नाव निघालं की सगळे दाराकडे बघायचे. पुढे घरचे गाव सोडून हाँगकाँगला गेले तशी थोरली बहीणच तेवढी लॉयदाय म्हणायची, दर रविवारी फोनवर, हळू. आणि इथे खाणावळीत उभं राहताना तिला पहिल्यांदा विचारलं होतं, तुला काय म्हणायचं. तिच्या डोळ्यांपुढे आलं की दारू प्यायलेली माणसं दिवसभर त्याला बोलावणार, ये भावा, बिअर आण, ये भावा, टेबल पूस. खिळ्यावर बिल्ला होता. तिने तो मालकाने सांगायच्या आधीच उचलला होता.

"तो कुठेच नाही, जेजे. फक्त माझ्या नावात आहे. मार्क ते पुसतो म्हणतो."

मी म्हटलं, मग हे मार्कला सांग, तो आज दगड बदलेल. तिने मान हलवली. धाकट्यांना असलं सांगायचं नसतं, म्हणाली. थोरल्यांपुढे रडता येतं, धाकट्यांच्या अंगावर टाकता येत नाही. ते उचलून कुठे ठेवतील? आणि मीही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

माझं धोंडी नाव मी फेकलं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, हे सांगून ठेवते. ते गावाने आमच्यावर मारलेलं होतं. त्यात कोणी राहत नव्हतं. पण सगळ्यांची जुनी नावं आपल्यासारखीच रिकामी असतात, हे मी कशावरून ठरवलं होतं, देव जाणे. आणि देव तर आम्ही तेव्हाच बाहेर काढला होता.

मी मार्ककडे जाऊन तिची बाजू मांडायचा प्रयत्न केला. खरं कारण सांगायचं नाही आणि मत तर फिरवायचं, म्हणजे बिनलायनीचा फोन जोडण्यासारखं. म्हटलं, आईची इच्छा आहे. तो म्हणाला, आईला लहानपणापासून तेच शिकवलंय, म्हणून तिला ते गोड वाटतं. म्हटलं, जुनं नाव, संस्कृती, अमुक तमुक. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "तांते, जाळली पाहिजेत म्हणाला होतात ना?" माझं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं, त्या दिवशी माझ्याच बोलण्याने माझी लाइन तोडली.

त्या हिवाळ्यात हाँगकाँगची बहीण वारली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम टिनेकेकडे गेले, तर ती फोनजवळच्या खुर्चीवर बसली होती. बसली होती म्हणजे खरंच खुर्चीवर, पाठ टेकून. तिला तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, आता मोठं कोणी उरलं नाही. तिची तब्येतही उतरत होती. डॉक्टर, मोठं हॉस्पिटल, पुन्हा डॉक्टर असं करत शेवटी त्यांनी पोटातली गाठ काढण्यापलीकडे गेल्याचं सांगितलं. मार्क हादरून गेला. ती मात्र त्या दिवशी मला एवढंच म्हणाली की वेळ थोडा आहे आणि दगड तसाच आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्यात पितरांची थडगी झाडायचा दिवस येतो. मार्क रविवारी गाडीने नेणार होता. तिने त्याला सांगितलं, गाडीत दमते, यंदा नको; आणि मला म्हणाली, आपण शुक्रवारी जाऊ, ट्रेनने. तिच्या पिशवीत संत्री होती, उकडलेली कोंबडी होती, आणि सायकलीवरचे ओरखडे झाकायला मिळते तसली लाल रंगाची इवलीशी बाटली. बुचालाच ब्रश. मी विचारलं, हे गुन्ह्यात मोडतं का? ती म्हणाली, नावच माझं, दगड माझा, आत जाणार मी. गुन्हा कुठे आहे?

आल्मेरे ते मास्ट्रिख्ट, जवळजवळ सगळा देश उभा ओलांडायचा. दोन म्हाताऱ्या, एकीच्या पोटात गाठ आणि दुसरीच्या पोटात भीती. मी दर स्टेशनावर विचार करत होते की सिद्धार्थला पोलिसांचा फोन आला तर तो तिथे कोणतं नाव सांगेल. टिनेके खिडकीतून बघत होती. तिकीट तपासायला एक गोरा, गालावर पुटकुळ्या असलेला पोरगा आला, तो पुढे गेल्यावर तिने मला कोपराने ढोसलं, "बारा नंबर." म्हणजे साधा भात, अंडं वर. इतकी हसलो आम्ही की समोरची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली.

दफनभूमीत ऊन होतं, पण वारा गार. तिने दगड पुसला, संत्री मांडली, कोंबडी मांडली, नवऱ्याशी काहीतरी दोन वाक्यं बोलली, बहुधा कोंबडीबद्दलच. मग ती गुडघ्यांवर बसली. मी बाटली धरली. लाल 'टिनेके'च्या खाली, मोकळ्या जागेत, तिने लिहायला घेतलं. पहिलं अक्षर नीट आलं. दुसरं, भावाचं, काढताना तिला दम लागला आणि ते जरा खाली घसरलं. पहिल्याचा हात सुटून मागे राहिल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, पुसून पुन्हा काढतेस का? ती म्हणाली, नको. तो तसाच चालायचा.

शेजारच्या थडग्याला पाणी घालणारी डच बाई आमच्याकडे पाहत होती. ती जवळ आली, दगड पाहिला, मला पाहिलं, आणि हवा छान आहे म्हणून निघून गेली.

टिनेके त्याच वर्षी, पानं गळायच्या आधी गेली. मूठमाती झाल्यावर मार्क मला बाजूला घेऊन विचारू लागला, दगडावर हे कोणी केलं, तांते? मी म्हटलं, मला चिनी येत नाही. त्याने ती दोन अक्षरं पुन्हा पाहिली, पण पुसून टाका असं काही कोणाला म्हणाला नाही. पुढे कोरीव 'टिनेके'वर सोनेरी चढलं. खालच्या अक्षरांना कोणी हात लावला नाही, ती लालच राहिली आहेत. त्यांच्या रीतीने पाहिलं तर त्या नावाचं माणूस अजून जिवंत आहे.

पण मला तिची आठवण येते ती त्या शुक्रवारची. रंग वाळेपर्यंत आम्ही थांबलो होतो. तिने बाटलीचं बूच घट्ट लावलं, माझा दंड धरून उठली आणि म्हणाली, "जेजे, तू मोठी आहेस. एकदा म्हण."

मी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, लॉयदाय.

"मोठ्याने. तो लांब आहे."

तेव्हा मी टेलिफोन खात्याचा आवाज काढला, जो पाऊस-वाऱ्यात चंद्रपूरपर्यंत पोचायचा, आणि सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "लॉयदाय!"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दगडाकडेही नाही. ती फाटकाकडून येणाऱ्या वाटेकडे वळली आणि तशीच उभी राहिली, एक हात जरासा मागे, खाली नेऊन, लहान मुलाला धरता यावा इतका, बोटं उघडी ठेवून. मी तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले.